मागल्या काचेचा डोळा

गेल्या काही वर्षांत आमच्या छोट्याशा मोटारीत बऱ्याच वस्तूंची भर पडत गेली. समोरच्या आरशाला रोझरी आली, प्रवाशांचा पाठीराखा संत ख्रिस्तोफर याचे बिल्लेवजा पदक डॅशबोर्डावर विराजमान झाले, पाण्याच्या बाटल्यांनी दरवाजांतील खण अडवले. हा सारा जामानिमा मात्र पुढच्या बाजूला. मागल्या काचेला आम्ही कधी काही लावले नव्हते. पुढे पाहून चालावे, ही शिकवण लहानपणापासून अंगी मुरलेली. मागे वळून पाहणारी लोटची बायको मिठाचा खांब झाली, हेही धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकलेले! २०२४ च्या नाताळाच्या तोंडावर मात्र आमच्या मोटारीला मागचा डोळा बसला. मागल्या काचेच्या आतून अंगठ्याएवढा एक कॅमेरा चिकटला आणि आम्ही मागे टाकून आलेला रस्ता तो टिपू लागला.

हा डोळा बसवण्याची बुद्धी आम्हांला सुखासुखी झाली नाही. त्यामागे एक कडवट प्रसंग आहे.

जव्हार-मोखाड्याकडे आम्ही उभयतां वर्षातून दोनदा तरी जातो. मोखाडा तालुक्यात एका पाड्यालगत सिस्टरांचे लहानसे वसतिगृह आहे. नाताळाआधी एकदा आणि उपवासकाळात एकदा, जमेल तेवढ्या वह्या, पांघरुणे आणि खाऊ घेऊन जायचे, एक रात्र मुलींच्या सहवासात काढायची आणि परतायचे, असा आमचा क्रम आहे. वसईहून महामार्गाने मनोर, तिथून विक्रमगड आणि मग चढण चढून जव्हार. हे सुमारे शंभर किलोमीटर. पुढे मोखाडा आणखी वीस-पंचवीस.

२०२४ च्या फेब्रुवारीत, राखेच्या बुधवारानंतरच्या शनिवारी, जव्हारच्या चढणीवर शेळ्यांचा एक कळप रस्ता ओलांडू लागला. आम्ही गाडी थांबवली, हातब्रेक ओढला आणि शेळ्या निवांतपणे पलीकडे जाण्याची वाट पाहत बसलो. तोच मागून जोराचा दणका बसला. उतरून पाहतो तो डिकीचे दार आत गेलेले आणि मागचा दिवा फुटलेला. मागे एक भलीमोठी गाडी उभी होती. दाभोसा धबधब्याकडे सहलीला निघालेले चार तरुण तीतून उतरले. क्षमा राहिली बाजूला, त्यांनी आमच्यावरच आरोप केला, "काका, चढणीवर तुमची गाडी मागे घरंगळली आणि आमच्यावर आदळली!"

चढणीवर हा आरोप खोडून काढणे किती अवघड असते, याचा अनुभव आम्हांला त्या दिवशी आला. ते चार, आम्ही दोघे. चौघांचे एकच म्हणणे, आणि आमच्या म्हणण्याला आधार आमच्याच शब्दाचा. शब्दाने शब्द वाढत गेला. अंधार पडण्याआधी मोखाडा गाठायचे होते. शेवटी त्यांच्या बंपरची भरपाई म्हणून आठ हजार रुपये आम्हीच मोजून दिले. अपमान गिळला.

त्यांची गाडी दिसेनाशी झाल्यावर रस्त्याच्या कडेला उभी असलेली एक बाई पुढे आली. डोक्यावर लाकडांची मोळी, कमरेला खोचलेला कोयता. दणका बसला तेव्हापासून ती तिथेच उभी असावी. तिने तिच्या बोलीत आम्हांला सांगितले, की तुमची गाडी उभीच होती, मी बघत होते, तेच वेगाने आले.

आम्ही जरा चिडूनच विचारले, "मग बाई, तेव्हा का नाही बोललीस?"

ती म्हणाली, "मला कुणी विचारलं?"

आणि मोळी सावरीत चालू लागली. त्या वेळी तिचे उत्तर आम्हांला गमतीचे वाटले. घरी परतल्यावर पाहुण्यांपुढे आम्ही तो किस्सा रंगवून सांगितला आणि सगळे हसलेही. त्यात हसण्याजोगे काही नव्हते, हे उमगायला डिसेंबर उजाडावा लागला.

परदेशी असलेल्या आमच्या चिरंजीवांनी ही हकिगत फोनवर ऐकली आणि लगेच निकाल दिला, "बाबा, मम्मी, आता पुढे-मागे कॅमेरे बसवून घ्या. तिकडे तुम्हांला साक्षीदार कुठून मिळणार?" त्यांचे म्हणणे वावगे नव्हते. गाड्यांतले हे कॅमेरे रशियात फार आधीपासून घरोघरी झाले, ते अशाच खोट्यानाट्या दाव्यांच्या धास्तीने. १५ फेब्रुवारी २०१३ च्या सकाळी चेल्याबिन्स्क शहरावर आकाशातून उल्का फुटली, तेव्हा तिची चित्रे जगाला मिळाली ती प्रामुख्याने रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांतील या कॅमेऱ्यांमुळे. त्या चित्रांवरून शास्त्रज्ञांनी उल्केचा मार्गही मांडला. भांडणासाठी बसवलेल्या डोळ्याने आकाशातले नवल टिपले!

आपल्याकडे अपघातांचे प्रमाण पाहिले, की अशा साक्षीदाराची गरज पटते. २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडल्याची केंद्र सरकारच्या अहवालातील नोंद आहे. मागून बसणारी धडक हा अपघातांच्या मोठ्या प्रकारांपैकी एक. तिच्यापुढे समोरचा कॅमेरा आंधळा ठरतो. मागल्या काचेला स्वतंत्र डोळा लागतो तो यासाठी.

अखेर पावसाळा सरल्यावर वसईतल्या एका दुकानात आम्ही गाडी नेली. बसवणारा कारागीर विशीतला पोरगा होता, पण हात सराईत. वाचकांपैकी कुणाला हे काम करून घ्यायचे असल्यास उपयोगी पडेल, म्हणून त्याची रीत थोडक्यात सांगतो.

मुख्य कॅमेरा पुढच्या काचेवर, आरशाच्या मागे बसतो. मेमरी कार्ड त्यातच असते. मागचा छोटा कॅमेरा लांब तारेने त्याला जोडलेला असतो, त्याने पाहिलेलेही त्याच कार्डावर उतरते. त्या पोराने मागल्या काचेचा वरचा मध्यभाग आधी स्पिरिटने स्वच्छ पुसला. बाहेरून वायपर जिथवर काच पुसतो त्या पट्ट्यातच त्याने जागा निवडली, कारण पावसाळ्यात आणि धुळीत उरलेली काच निरुपयोगी. काचेत धुके घालवणाऱ्या तापतारांच्या बारीक रेषा असतात. त्यांच्यावर चिकटपट्टी आली, तर पुढे कधी कॅमेरा काढताना रेष उखडण्याची भीती. म्हणून रेषा टाळून वरच्या कडेशी त्याने कॅमेरा दाबून धरला. मग तार छताच्या अस्तराच्या कडेत सरकवीत पुढे आणली. डिकीचे दार आणि गाडीचा सांगाडा यांमध्ये रबराची वळीदार नळी असते. तार तिच्यातूनच न्यावी लागते, एरवी दार उघडता-मिटता ती चेंगरते. पुढच्या खांबात काही गाड्यांना अपघातात फुगणारी हवेची उशी असते. तार तिच्या आडवी येऊ नये, उशीच्या मागून जावी, हे त्याने आम्हांला दाखवून दिले. वीज फ्यूजच्या पेटीतून घेतली आणि बॅटरीचा दाब फार उतरला तर कॅमेरा आपोआप बंद होईल असा लहानसा डबा मध्ये बसवला. आपल्याकडचा उन्हाळा ध्यानात घेऊन आत लिथियमच्या बॅटरीऐवजी कपॅसिटर असलेला कॅमेरा निवडावा आणि सतत लिहिणे-पुसणे सोसणारे टिकाऊ कार्ड घ्यावे, हा त्याचा सल्लाही आम्ही मानला.

काम संपल्यावर त्याने सांगितलेली गोष्ट मात्र आमच्या मनात घर करून राहिली.

"काका, हे कार्ड ६४ जीबीचं आहे. पुढचं-मागचं मिळून पाच-सहा तास मावतात. कार्ड भरलं की जुनं पुसून त्याच्यावर नवीन लिहिलं जातं. तुम्हांला काही करायचं नाही."

"मग अपघाताचं चित्रही पुसलं जाईल की!"

"नाही. आत धक्का ओळखणारं यंत्र आहे. गाडीला दणका बसला, की त्या वेळची फाइल ते कुलूपबंद करतं. ती पुसली जात नाही. दणका नाही बसला, तर यंत्राच्या दृष्टीने काही घडलंच नाही."

आम्ही मान डोलावली आणि पैसे चुकते केले. त्याच्या या शेवटच्या वाक्याचा अर्थ आम्हांला त्या वेळी केवळ तांत्रिक वाटला.

पुरावा म्हणून अशा चित्रफितीचे मोल किती, याचीही आम्ही चौकशी केली. जालना मतदारसंघाच्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये स्पष्ट केले, की मूळ यंत्रच न्यायालयापुढे आणले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र जोडलेच पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही प्रमाणपत्राची अट आहे. तात्पर्य, यंत्राने पाहिले तरी त्याच्या वतीने माणसाला सही करावीच लागते. मोळीवाल्या बाईच्या साक्षीला असल्या कोणत्याही कागदाची गरज नव्हती. तिला फक्त विचारायला हवे होते.

आगमनकाळाच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही निघालो. मागचे आसन पांघरुणांच्या गठ्ठ्यांनी, वह्यांच्या खोक्यांनी आणि नाताळच्या फराळाच्या डब्यांनी छतापर्यंत भरले होते. मागल्या डोळ्यापुढे आड येऊ नये म्हणून वरचे दोन गठ्ठे तेवढे खाली सरकवले. मनात एक नवी निर्धास्ती होती. आता कुणी धडकलेच, तर साक्षीदार आमच्याच गाडीत बसलेला!

विक्रमगड मागे पडले, की हवा बदलते. साग, मोह, करवंदीच्या जाळ्या, कापणी झालेली नागली-वरईची उतरणीवरची शेते. जव्हारला मुकणे संस्थानिकांच्या राजवाड्याची आणि शिवछत्रपतींच्या मुक्कामाची आठवण सांगणाऱ्या शिर्पामाळाची पाटी दिसते. सहलीच्या गाड्या तिकडे वळतात. आम्ही सरळ मोखाड्याची वाट धरतो. दिवाळीनंतर या वाटेवरच्या पाड्यांना एक प्रकारची ओसाडी येते. शेतीची कामे सरली, की वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर कुटुंबे बिऱ्हाड पाठीवर टाकून भिवंडी, वाडा, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. ते त्याला 'जगायला जाणे' म्हणतात. आपल्या वसईच्या कित्येक घरांच्या भिंतींत या जगायला आलेल्या माणसांचा घाम मुरला आहे. पाण्याची कथाही तीच. २०१४ मध्ये पूर्ण झालेले मध्य वैतरणा धरण मोखाड्याच्याच परिसरात आहे. तिथले पाणी मुंबईच्या नळांना पोचते आणि उन्हाळ्यात या तालुक्यातील पाडे मात्र टँकरची वाट पाहतात. शहराची गाडी पुढे गेली ती या डोंगरांच्या जिवावर, आणि डोंगर मागे राहिले.

हे सारे आम्हांला ठाऊक होते. म्हणूनच तर पांघरुणे घेऊन निघालो होतो. आपण काहीतरी करतो आहोत, या समाधानात आम्ही संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास वसतिगृहात पोचलो. मुलींनी गाडी रिकामी केली, गाणी म्हटली, नागलीची भाकर वाढली. आमचा तो दिवस सार्थकी लागला.

रात्री निजण्यापूर्वी, कॅमेरा नीट चालला की नाही हे पाहावे म्हणून आम्ही मोबाइलवर चित्रे उघडली. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात मागच्या काचेतून कितपत दिसते, गाड्यांचे क्रमांक वाचता येतात की नाही, एवढेच तपासायचे होते. जव्हार सोडल्यानंतरच्या फायली आम्ही एकेक करून पाहू लागलो. मागचे चित्र छान उमटले होते. रस्ता आमच्यापासून दूर दूर पळत होता.

आणि मग त्या रस्त्यावर एक म्हातारा दिसला.

एका पाड्याकडे जाणाऱ्या फाट्यावर तो उभा होता. अंगात सदरा, कमरेला लंगोटी, खांद्यावर घोंगडी. त्याच्या मागे दगडावर एक तरुण बाई गुडघ्यांत डोके घालून बसलेली. मागच्या चित्रात तो प्रथम दिसला तेव्हा त्याचा हात उंच होता, म्हणजे आमची गाडी नुकतीच त्याच्यावरून पुढे गेली होती. गाडीच्या दिशेने तो दोन-चार पावले धावला. मग थांबला. हात हळूहळू खाली आला. त्यानंतर वळण येईपर्यंतचे पंचवीसेक सेकंद तो तसाच आमच्याकडे पाहत उभा होता. लहान लहान होत गेला आणि दिसेनासा झाला.

आम्ही पुढच्या कॅमेऱ्याची त्याच वेळेची फाइल उघडली. तीत तो जेमतेम चार सेकंद होता. हात उंचावलेला, एका हाताने मागल्या बाईकडे खूण करणारा. आम्ही एकमेकांकडे पाहिले. दोघांच्याही तोंडून एकच वाक्य निघाले, "आपल्याला हा दिसलाच नाही!"

परंतु हा कॅमेरा आवाजही टिपतो, हे आम्ही विसरलो होतो. फाइल पुन्हा लावली आणि आवाज वाढवला. इंजिनाची घरघर, आमच्या गप्पा, फराळाच्या डब्यांतील करंज्या मोडल्या तर नसतील ना, ही चिंता. आणि मग आमच्यापैकी एकाचा आवाज, "कुणीतरी हात करत होतं का?" दुसऱ्याचा आवाज, "एसटीसाठी उभे असतील. आणि बसवणार कुठे? मागे जागा आहे का?" पुन्हा करंज्या.

प्रश्न कुणाचा आणि उत्तर कुणाचे, हे आम्ही इथे लिहीत नाही. ते दोघांचेही होते.

म्हातारा आम्हांला दिसला होता. आम्ही त्याच्याविषयी बोललोही होतो. आणि अवघ्या तीन तासांत तो आमच्या स्मरणातून इतका स्वच्छ पुसला गेला होता, की तो दिसलाच नाही, असे आम्ही प्रामाणिकपणे एकमेकांना सांगत होतो. कार्ड तरी पाच-सहा तास धीर धरते. आमच्या सदसद्विवेकबुद्धीने त्याच्या निम्माही वेळ घेतला नव्हता.

त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. कारागीर पोराचे वाक्य आठवत होते. दणका नाही बसला, तर यंत्राच्या दृष्टीने काही घडलेच नाही. फेब्रुवारीत आमच्या डिकीचे दार चेपले, ती आमच्या लेखी घटना होती. ती आम्ही वर्षभर सांगितली. त्या दिवशीचा म्हातारा गाडीला धडकला नाही, काच फुटली नाही, रुपया गेला नाही, म्हणून ती घटना ठरली नाही. आमच्या आतही तसेच एक यंत्र बसलेले होते. जे आपल्याला धडकते तेच ते जपून ठेवते, बाकीचे पुसून त्यावर नवे लिहीत राहते.

समाजाचेही याहून वेगळे काय असते? १९९२-९३ मध्ये याच जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला, तेव्हा हे डोंगर सर्वांच्या नजरेत आले. भूक तिथे त्याआधीही होतीच. पण दणका बसेपर्यंत तिची फाइल कुणी जपून ठेवली नव्हती.

दयाळू शोमरोन्याचा दाखला आम्ही किती वेळा ऐकला असेल! यरुशलेमेहून यरीहोकडे उतरणारी ती वाट, हीदेखील एक घाटवाटच. सुमारे एक हजार मीटरांचा उतार, ओसाड डोंगर, लुटारूंची भीती. याजक तिथून गेला, लेवी गेला. प्रवचन ऐकताना ते आम्हांला नेहमी निष्ठुर, दगडाच्या काळजाचे वाटत. त्या रात्री प्रथमच वाटले, की तेही कदाचित आमच्यासारखेच देवाच्या कामाला निघालेले असतील, त्यांच्याही जनावरावर दानाचे गठ्ठे लादलेले असतील, आणि संध्याकाळी घरी पोचल्यावर तेही म्हणाले असतील, 'आपल्याला दिसलाच नाही!' संत लूकने तर स्पष्ट लिहिले आहे, की त्या दोघांनीही त्याला पाहिले होते. मिस्सेच्या आरंभी आपण केलेल्या पापांसोबत न केलेल्या कर्तव्यांचीही कबुली देतो. केलेली पापे आठवतात, कारण त्यांचा दणका बसलेला असतो. न केलेले कर्तव्य मात्र आवाज न करता मागे राहून जाते.

आता कुणी म्हणेल, अनोळखी माणसाला गाडीत घ्यावे, वाटेत काही बरेवाईट झाले तर पोलीस, न्यायालये कोण निस्तरणार? ही भीती आम्हीही वर्षानुवर्षे बाळगली होती. परंतु अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये, यासाठीच्या मार्गदर्शक सूचना सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी बंधनकारक केल्या. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले आणि सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण मिळाले. इंग्रजीत त्या मदतनिसाला कायद्याने दिलेले नावही त्या शोमरोन्याचेच आहे! अर्थात आमचा म्हातारा अपघातग्रस्त नव्हता. त्याच्यासाठी थांबा, असे कोणताही कायदा आम्हांला सांगत नव्हता, आणि थांबू नका, असेही सांगत नव्हता. तो निर्णय सर्वस्वी आमचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहासुद्धा न घेता आम्ही त्या फाट्यावर परत गेलो. दगड होता, म्हातारा नव्हता. थोड्या अंतरावर चहाची टपरी होती. टपरीवाल्याला आम्ही मोबाइलवरचे चित्र दाखवले. त्याने ते निरखून पाहिले आणि मान हलवली.

"ओळखीचा नाही वाटत. आतल्या पाड्यावरचा असेल. बरोबरची बाई आजारी असणार."

"मग गेले कसे असतील?"

"साडेसातला जीप असते. ती मिळाली असेल, नाहीतर चालत. असे रोज कुणी ना कुणी उभे असतात, दादा." आणि मग थोडे थांबून, आमच्या मागल्या काचेकडे बोट दाखवत त्याने विचारले, "या फोटोत पोलिसांचं काही आहे का?"

"नाही, नाही," आम्ही घाईघाईने म्हणालो, "त्याने काही केलेलं नाही."

टपरीवाल्याचा चेहरा सैल झाला. त्याच्या प्रश्नाने आम्ही मात्र खजील झालो. या भागात गाडीतून येऊन कुणी गरिबाचे चित्र दाखवत चौकशी करू लागला, की पहिली शंका पोलिसांचीच यावी! आपण शोधतो आहोत ते त्याच्या भल्यासाठी, हे त्याने आमच्या चेहऱ्यावरून कसे ओळखावे?

आम्ही आतल्या पाड्यावरही जाऊन आलो. निम्म्या घरांना कड्या होत्या, माणसे जगायला गेलेली. उरलेल्यांना काही सांगता आले नाही. तो म्हातारा आम्हांला पुन्हा भेटला नाही. ती बाई कोण, तिला काय होत होते, त्या रात्री ती कुठे पोचली, हे आम्हांला कधीच कळणार नाही. गोष्टीचा शेवट गोड करून सांगण्याचा मोह होतो, पण तो घडला नाही.

परतताना मोबाइलवरचे ते चित्र जपून ठेवावे की नाही, यावर आमचे बरेच बोलणे झाले. कॅमेऱ्याला एक बटण असते. ते दाबले, की दणका न बसताही फाइल कुलूपबंद करता येते. आम्ही दोनदा बटणाकडे हात नेला आणि मागे घेतला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. तो हक्क फाट्यावर उभ्या असलेल्या म्हाताऱ्यालाही आहेच. जर्मनीत मे २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने गाडीतील कॅमेऱ्याची नोंद पुरावा म्हणून चालेल असे ठरवले, पण रस्त्यावरच्या सर्वांचे सतत चित्रण करीत राहणे नियमाला धरून नाही, हेही बजावले. आम्ही त्याला विचारून त्याचे चित्र घेतले नव्हते. त्याच्या असहायतेची फीत पाहुण्यांना दाखवीत बसणे, म्हणजे मोळीवाल्या बाईच्या उत्तरावर हसण्याचाच पुढचा अंक झाला असता. वसईला पोचेपर्यंत कार्डाने आपले काम केले होते. जुन्यावर नवे लिहिले गेले होते. म्हातारा यंत्रातून गेला.

आमच्यातून जाऊ नये, एवढ्याचसाठी हे लिहून ठेवले आहे.

कॅमेरा आम्ही काढलेला नाही. तो उपयोगी आहे, आणि चढणीवर पुन्हा कुणी खोटा आळ घेतला तर त्याचा आधार वाटेल. पण मोटारीच्या मांडणीत एक बदल केला आहे. जव्हार-मोखाड्याला जाताना आता मागचे आसन आम्ही पूर्ण भरत नाही. गठ्ठे डिकीत मावतील तेवढेच नेतो, उरलेले पुढच्या खेपेला. सिस्टरांना हे सांगितले तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "पांघरुणं चार कमी आली तरी चालतील."

२०२५ च्या उपवासकाळात आम्ही पुन्हा त्या रस्त्याने गेलो. जव्हारच्या चढणीवर, शेळ्या आडव्या आल्या होत्या त्या वळणाशी, गाडी हळू केली. मोळीवाली बाई दिसते का पाहत होतो. भेटली असती, तर तिला विचारायचे होते. काय विचारायचे, ते ठरलेले नव्हते. नाव तरी. ती नव्हती. पुढे मोखाड्याच्या वाटेवर एका फाट्यावर दोन शाळकरी मुले आणि त्यांची आजी हात करून उभी होती. आम्ही थांबलो. आजीने आधी आत वाकून रिकामे आसन पाहिले, मग आमच्याकडे पाहिले आणि विचारले, "किती घेणार?"

"काही नाही, आजी. बसा."

तिचा विश्वास बसला नसावा. उतरताना तिने पदराची गाठ सोडून दहाची नोट पुढे केलीच. आम्ही घेतली नाही, तेव्हा पिशवीतून मूठभर बोरे काढून आसनावर ठेवली आणि मुलांना हाताशी धरून पाड्याच्या पायवाटेला लागली.